पंच्याण्णव गुण आणि ‘मिश्र’ शेरा : एर्डट्रीच्या सावलीतला एक आठवडा

२१ जून २०२४, शुक्रवार. त्या दिवशी वटपौर्णिमा होती. आई वडाला सूत गुंडाळून घरी आली तेव्हा मी पडद्यावरच्या एका वेगळ्याच झाडाखाली चौदाव्यांदा मरून पडलो होतो. ‘‘सकाळपासून तेच?’’ एवढंच म्हणून तिनं पिकलेल्या आंब्याची फोड पुढे केली. तिचं झाड निदान सात जन्मांची हमी देतं. माझं झाड एका जन्माचीही देत नव्हतं.

‘एल्डन रिंग’ या गेमची ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ ही पुरवणी त्या दिवशी बाजारात आली. पुढच्या आठवडाभरात तिच्याबद्दल जे बोललं गेलं, त्याचा हा प्रकरण अभ्यास. गेमसमीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं आणि समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर सरासरी ९५ च्या आसपास होती. त्याच वेळी स्टीमवर, म्हणजे जिथं पैसे मोजून घेणारे खेळाडू मत देतात तिथं, शेरा झळकत होता ‘मिश्र’. वस्तू एकच, आठवडाही एकच. मग हे दोन निकाल आले कसे? ‘समीक्षक विकले गेलेत’ आणि ‘खेळाडू रडूबाई झालेत’ ही दोन तयार उत्तरं तेव्हा जोरात चालली. मला दोन्ही आळशी वाटतात. गोम होती ती झाडाच्या पन्नास तुकड्यांत.

आधीचं थोडं

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानची फ्रॉमसॉफ्टवेअर ही कंपनी आणि तिचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांची ख्याती अवघड गेमसाठी आहे. २००९ च्या ‘डेमन्स सोल्स’पासून ती घडली. सोनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं तो गेम प्रकाशनाआधी खेळून पाहिला आणि टाकाऊ ठरवला, म्हणून सोनीनं तो जपान-आशियाबाहेर स्वतः काढलाच नाही. अमेरिकेत दुसऱ्या प्रकाशकानं काढला आणि तिथं तो गाजला. त्यानंतर ‘डार्क सोल्स’ आला. त्याच्या संगणकावरच्या आवृत्तीचं नावच ‘मरायला तयार व्हा’ अशा अर्थाचं होतं. २०१९ मध्ये ‘सेकिरो’ आला, तेव्हा या गेममध्ये सोपी पातळी असावी की नसावी यावर महिनाभर वाद रंगला. आजही तो वाद कुठल्याही गेमवेड्या पोरांच्या गप्पांत काडी टाकली की पेटतो.

‘एल्डन रिंग’ २५ फेब्रुवारी २०२२ ला आला. त्यात एक मोठी युक्ती होती. जग खुलं होतं. एखादा बॉस, म्हणजे वाट अडवून बसलेला मोठा शत्रू, जड जात असेल तर त्याला तिथंच सोडून घोड्यावरून दुसरीकडे जायचं, चार गुहा धुंडाळायच्या, पातळी वाढवायची, चांगली तलवार मिळवायची आणि मग परत यायचं. सोप्या पातळीचं बटण नव्हतं, पण अख्खा नकाशाच त्या बटणाचं काम करत होता. त्यामुळे आधी या गेमच्या वाटेला न जाणारे लाखो लोक आत आले. पहिल्या तीन आठवड्यांतच सव्वा कोटीच्या आसपास प्रती खपल्या, आणि पुरवणी येईपर्यंत अडीच कोटी झाल्या. त्या वर्षीचा द गेम अवॉर्ड्सचा सर्वोच्च पुरस्कारही त्यालाच मिळाला.

आणि हे विसरायला नको की २०२२ मध्येही पहिल्या दिवशी स्टीमवर शेरा ‘मिश्र’च होता. संगणकावर गेम अडखळत होता आणि लोक चिडले होते. पुढे तो पार वर गेला. म्हणजे हा काही आभाळातून पडलेला प्रकार नव्हता.

दार कुणासाठी होतं

पुरवणीत शिरायला दोन अटी होत्या. मूळ गेममधला रडान आणि ‘रक्ताचा स्वामी’ मोग, हे दोन बॉस मारलेले हवेत. मोगच्या महालात एका कोशातून एक वाळका हात बाहेर लोंबतो. त्या हाताला स्पर्श केला की आपण सावलीच्या प्रदेशात पोहोचतो. मोग मूळ कथेत सक्तीचा नाही, तो जवळजवळ लपवूनच ठेवलेला आहे. स्टीमवरच्या नोंदींप्रमाणे त्याला मारणाऱ्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आत होतं.

या आकड्यावर बहुतेकांनी ‘बापरे, साठ टक्के लोकांना आत जाताच येणार नाही’ एवढंच म्हटलं. मला त्याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. पहिल्या दिवशी आत शिरून ‘हे अति झालं’ असं लिहिणारा माणूस नवखा नव्हता. तो मोगला पाडून आला होता. त्यातल्या कित्येकांनी मलेनियालाही पाडलं असणार, जिच्यापुढे भले भले हात टेकतात. (मलेनियासाठी डोक्यावर मडकं घालून, अंगावर लंगोटीवजा कापड ठेवून परक्यांच्या मदतीला धावून जाणारा तो खेळाडू आठवतोय ना? २०२२ मध्ये तो जगभर गाजला, इतका की गेमच्या प्रकाशकांनी त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली.) अशा माणसाला ‘गिट गुड’, म्हणजे ‘आधी खेळायला शीक’ असं सुनावणं म्हणजे दहा वारी केलेल्या वारकऱ्याला पंढरपूरचा रस्ता दाखवण्यासारखं आहे.

मग त्याचं बिनसलं कुठं?

मावसभावाची फाइल

इथं मी एक उदाहरण जवळून पाहिलेलं आहे. माझा मावसभाऊ नाशिकला असतो. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण हात माझ्याहून कितीतरी चलाख. मूळ गेम त्यानं दोनदा पूर्ण केलेला, पात्राची पातळी १६८. प्रकाशनाच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी रात्री त्याचा फोन.

‘‘दादा, हे अति झालं हं. दोन फटक्यांत मरतोय मी. आणि माझ्या फटक्याला तिची पापणीसुद्धा लवत नाही.’’

‘‘कोण?’’

‘‘रेलाना. दोन तलवारीवाली.’’

रेलाना हा पुरवणीतला सुरुवातीचा मोठा अडथळा. तिच्या एका तलवारीवर आग असते, दुसरीवर निळी जादू. ती एकदा सुरू झाली की फटक्यांची माळच लागते. तुम्ही एक चुकवता, दुसरा चुकवता, वाटतं संपलं, आणि पाचवा बसतो. मी त्याला पडदा शेअर करायला सांगितलं. त्यानं आधी लढून दाखवलं. खेळ उत्तम होता त्याचा. उड्या वेळेवर, अंतर राखून, हावरटपणा नाही. तरी चाळीस सेकंदांत मेला.

मग मी म्हटलं, जरा विश्रांतीच्या जागी बस आणि मेनू उघड. त्या यादीत पुरवणीसाठी एक नवी ओळ आलेली आहे, सावलीच्या प्रदेशातल्या आशीर्वादाची. त्यानं उघडली. स्कॅडूट्रीचा आशीर्वाद : पातळी २. आणि पिशवीत पाच तुकडे तसेच पडलेले.

‘‘हे काय आहे?’’ तो म्हणाला.

‘‘हेच सगळं आहे,’’ मी म्हटलं.

हा प्रकार नीट समजून घेतल्याशिवाय त्या आठवड्यातलं भांडण कळत नाही. मूळ गेममध्ये ताकद येते ती रून्समधून. शत्रू मारा, रून्स मिळवा, त्यांनी पातळी वाढवा. पण दीडशेच्या पुढे पातळी वाढवण्याचा फायदा झपाट्यानं आटतो. पुरवणीत येणारे बहुतेक जण त्या टोकालाच उभे होते. निर्मात्यांपुढे पेच होता. कुणी पातळी १०० घेऊन येणार, कुणी २५०. या सगळ्यांना एकाच बॉसनं घाम कसा फोडायचा? त्यांनी काढलेला तोडगा असा की सावलीच्या प्रदेशात ताकदीचं नवं नाणं चालेल. स्कॅडूट्री या त्या प्रदेशातल्या झाडाचे एकूण पन्नास तुकडे नकाशाभर विखुरलेले, ते वेचून आशीर्वादाच्या वीस पातळ्या चढायच्या. प्रत्येक पातळीला तुमचा फटका जड होतो आणि तुम्हाला बसणारा फटका हलका. या प्रदेशाबाहेर त्याचा काही उपयोग नाही. लढाईत मदतीला बोलावता येणाऱ्या आत्म्यांसाठी अशीच दुसरी, लहान व्यवस्था. कल्पना हुशार आहे यात वाद नाही. ‘सेकिरो’त हल्ल्याची ताकद अशीच ठरावीक टप्प्यांनी वाढायची.

पण खेळाडूच्या बाजूनं पाहा. दोन वर्षं, तीनशे तास घालून त्यानं एक पात्र घडवलंय. एकेक गुण मोजून, ‘बिल्ड’ जुळवून, तलवार शेवटच्या टप्प्यापर्यंत घासूनपुसून. नव्या प्रदेशात पाऊल टाकतो आणि ते सगळं जवळजवळ रद्द. नोटबंदीच्या दुसऱ्या दिवशी गादीखालच्या पाचशेच्या नोटा घेऊन दुकानात उभं राहिल्यासारखं. दुकानदार हसत म्हणतो, नव्या नोटा त्या टेकडीमागे, त्या पडक्या चर्चमध्ये, आणि डोक्यावर मडकं घेऊन फिरणाऱ्या त्या सावल्यांजवळ मिळतील, जा शोध.

बरं, त्याला मूळ गेमनंच जी सवय लावली होती ती इथं उपयोगाची नव्हती. ‘अडलास तर दुसरीकडे जा आणि ताकद वाढव’ हे तो शिकला होता. तो गेलाही दुसरीकडे. पण तिथं शत्रू मारून रून्स मिळवत बसला. त्यानं पातळी १६८ ची १७३ केली, आणि रेलानाला त्याचं काहीच वाटलं नाही. योग्य धडा, चुकीच्या वहीत लिहिलेला.

गेमनं सांगितलं नव्हतं असंही नाही. पहिला तुकडा हाती आला की एक सूचना येते. पण या गेममध्ये सूचना येतात आणि आपण बटण दाबून घालवतो, ते आपल्या सगळ्यांचंच आहे. अंगाला आग लागलेला इमारतीएवढा पेटता राक्षस समोरच्या मैदानात फिरत असताना सूचना कोण वाचतो?

दोन तराजू

आता आकड्यांकडे येऊ, कारण त्यांवरूनच सगळे एकमेकांच्या अंगावर गेले.

मेटाक्रिटिकचा आकडा म्हणजे समीक्षकांनी दिलेल्या गुणांची भारित सरासरी. आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळानं १० पैकी १० दिले होते, इतरही बरेच त्याच घरातले. ‘द विचर ३’ची ‘ब्लड अँड वाइन’ ही पुरवणी आजवर मापदंड मानली जायची, तिचा आकडा ९२. तो मागे पडल्याच्या बातम्या प्रकाशनाआधीच झळकल्या.

स्टीमवरचा शेरा वेगळ्याच पद्धतीनं निघतो. तिथं गुण नसतात, अंगठा असतो : वर किंवा खाली. शंभरातल्या किती जणांनी अंगठा वर केला एवढंच मोजतात. चाळीस ते एकोणसत्तर टक्के असले की ‘मिश्र’. सत्तरला शेरा बदलतो. पहिल्या दिवसांत हा आकडा साठीच्या घरात होता. म्हणजे दहांतले सहा जण ‘घ्या’ म्हणत होते. उलट, समजा सगळ्यांनाच एखादा गेम ‘ठीक, सातएक गुणांचा’ वाटला आणि सगळ्यांनीच अंगठा वर केला, तर स्टीमवर त्याला शंभर टक्के पडतील. पंच्याण्णवातून साठ वजा करून ‘पस्तीसचा फरक’ म्हणणं म्हणजे लिटरमधून किलो वजा करणं. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

शिवाय खाली केलेल्या एकाच अंगठ्यात निदान दोन तक्रारी मिसळलेल्या होत्या. एक अवघडपणाची. दुसरी तांत्रिक : संगणकावर चित्र अडखळतं, ऐन लढाईत फ्रेम गळतात. या प्रकारच्या गेममध्ये या दोन तक्रारी सुट्या राहत नाहीत हे मात्र बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. चुकवण्याच्या उडीला मिळणारा वेळ सेकंदाचा लहानसा तुकडा असतो. त्या तुकड्यात चित्र अडखळलं तर तुम्ही मेलात, आणि मेल्यावर तुम्ही ‘अवघड आहे’ असंच म्हणणार. समीक्षकांपैकी अनेकांनी तांत्रिक अडचणींचा उल्लेख केला होताच, पण दहा गुणांच्या कागदात तो एका परिच्छेदापुरता उरतो. चाळीस डॉलर मोजलेल्या माणसाला मात्र तो परिच्छेद पुन्हापुन्हा वाचावा लागतो.

आणि समीक्षक कोण होते? कुठलंही प्रकाशन अशा गेमचं काम कुणाकडे देणार? ज्यानं आधीचे सगळे सोल्स पालथे घातलेत त्याच्याकडेच. त्याला काम म्हणून प्रदेशाचा कोपरान् कोपरा बघायचा असतो. म्हणजे आपसूकच तुकडे वेचले जातात, आणि रेलानापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा आशीर्वाद पाच-सहावर गेलेला असतो. घाईनं मुख्य रस्ता धरणारा गडी तिथं दोनवर पोहोचतो. दोघंही एकाच बॉसशी लढले असं म्हणता येईल का? मला नाही वाटत. समीक्षक खोटं बोलले नाहीत. त्यांनी जो गेम खेळला तो खरोखर पंच्याण्णवाचा होता. नकाशाची रचना, एकावर एक रचलेले मजले, किल्ल्याच्या मागच्या दारातून अचानक वेगळ्याच खोऱ्यात उतरणं, हे सगळं मला आजही त्या मालिकेतलं सर्वोत्तम वाटतं. नाचणाऱ्या सिंहाचा बॉस तर बघत राहावा असा : आत दोन माणसं असलेल्या कापडी सिंहासारखा तो झुलतो, आणि तोंडातून कधी वीज, कधी बर्फ सोडतो. तिथं मेलो तरी तक्रार नव्हती.

पण काही ठिकाणी समीक्षकांनी हात थोडा सैल सोडला असंही मला वाटतं. दक्षिणेकडचे काही भाग भलतेच रिकामे आहेत. घोड्यावरून पाच-पाच मिनिटं जायचं आणि हाती काय, तर एक रानफुलाची जुडी. याबद्दल खेळाडूंनी ओरड केली ती रास्त होती, आणि तिच्यात अवघडपणाचा संबंधही नव्हता. पण त्या आठवड्यात ‘अवघड की नाही’ या ढोलापुढे बाकीची सनई कुणाला ऐकूच आली नाही.

कंपनीनं काय केलं

मियाझाकींची भूमिका प्रकाशनाच्या तोंडावरच्या मुलाखतींत स्पष्ट होती. अख्ख्या जगानं खेळावं असंच वाटत असतं तर अवघडपणा उतरवत नेणं सोपं होतं, पण अडथळा पार केल्याचा आनंदच त्यातून निघून गेला असता आणि गेमच मोडला असता, असं त्यांचं म्हणणं. त्याच सुमारास त्यांनी हेही मोकळेपणानं सांगितलं की ते स्वतः गेम खेळण्यात कच्चे आहेत आणि हाताशी असेल ती सगळी मदत वापरूनच खेळतात. ही दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘बोलावलेला आत्मा वापरलास म्हणजे खरं जिंकलाच नाहीस’ असली मिजास दाखवणाऱ्यांनी ती घरात चौकटीत लावावी.

प्रकाशनानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच प्रकाशक बंदाई नामकोकडून समाजमाध्यमांवर आठवण आली : अडत असाल तर आशीर्वाद वाढवा. माझ्या मावसभावासारखे पिशवीत तुकडे घेऊन मरणारे किती असतील याचा अंदाज त्या आठवणीवरून येतो. लोकांनी अर्थातच खिल्ली उडवली.

खरी गोष्ट घडली २६ जूनला. १.१२.२ या क्रमांकाचा छोटा पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, आला. त्यात बॉसना हात लावला नाही. बदललं ते आशीर्वादाच्या चढाचं गणित : पहिल्या अर्ध्या पातळ्यांवर फटका आणि संरक्षण आधीपेक्षा जास्त वाढेल, उरलेल्या अर्ध्यात वाढ संथ होईल, आणि शेवटची पातळी किंचित जास्त देईल. त्याच नोंदीत हेही होतं की जुनी फाइल उघडल्यावर काही संगणकांवर रे ट्रेसिंग (प्रकाश खऱ्यासारखा दाखवणारी, पण संगणकाला जड जाणारी सोय) आपोआप चालू झालेलं असू शकतं, तेव्हा चित्र अडखळत असेल तर ते तपासा.

पाच दिवसांत आलेला हा पॅच म्हणजे माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा. बॉस अवघड आहेत ही तक्रार कंपनीनं मान्य केली नाही. मदत फार उशिरा पोहोचते ही केली. जो माणूस पाच-सहा तुकडे शोधून रेलानासमोर उभा राहतो त्याला त्या सहा तुकड्यांचं चीज झाल्यासारखं वाटायला हवं, आणि ते वाटत नव्हतं. ‘गिट गुड’वाल्यांनी या पॅचला ‘रडणाऱ्यांपुढे झुकले’ म्हटलं. पण डोंगराची उंची तीच ठेवून पायथ्याच्या पायऱ्या जरा बुटक्या केल्या, तर गड सोपा झाला असं कुणी ट्रेकर म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी, २७ जूनला, जाहीर झालं की पहिल्या तीन दिवसांत पुरवणीच्या ५० लाख प्रती खपल्या. म्हणजे ‘मिश्र’ शेऱ्यानं विक्रीचं काडीचंही वाकडं केलं नव्हतं. मग पॅच कशासाठी? मला वाटतं, आत त्यांनाही ते गणित खटकलं असणार. पण हा माझा अंदाज, सिद्ध करता येणार नाही.

शेवटचा बॉस, आणि एक कबुली

हे प्रकरण जूनमध्येच मिटलं असतं तर बरं होतं. पण शेवटच्या बॉसबद्दलची तक्रार वेगळ्या जातीची होती, आणि तिच्याबाबतीत तुकड्यांचं उत्तर अपुरं पडतं.

शेवटी पुन्हा रडानच उभा राहतो, मिकेला या दैवी पात्राला पाठीवर घेऊन. दुसऱ्या टप्प्यात त्याच्या प्रत्येक फटक्यामागून प्रकाशाचे खांब उठतात. पडदा इतका उजळतो की तलवार कुठून येतेय तेच दिसत नाही. आशीर्वाद वीसवर नेऊन गेलेल्यांनाही हे झेपत नव्हतं. मग लोकांनी तोड काढली ती अशी : भलीमोठी ढाल पुढे धरायची आणि तिच्या आडून सडवणाऱ्या विषाची पातळ तलवार टोचत राहायची. पंधरा वर्षं ज्या गेमनं नाचायला शिकवलं, त्याच्या शेवटच्या लढाईत लोक भिंतीआडून सुई टोचत होते. मीही तेच केलं. अभिमान नाही, पण लाजही नाही.

११ सप्टेंबरला १.१४ पॅच आला. त्यात या रडानचा सुरुवातीचा हल्ला बदलला, काही हल्ल्यांची धार कमी केली आणि काही हल्ल्यांचे दृश्यपरिणाम दिसायला सुसह्य केले. दृश्यपरिणाम बदलणं म्हणजे ‘तुम्हाला दिसत नव्हतं हे खरं होतं’ अशी कबुली. जूनमध्ये हेच म्हणणाऱ्याला ‘स्किल इश्यू’, म्हणजे ‘तुझंच कसब कमी’, म्हणून हसणारे तेव्हा गप्प होते. समीक्षकांपैकी किती जण पहिल्या आठवड्यात त्या बॉसपर्यंत शांत डोक्यानं पोहोचले आणि किती जण मुदतीच्या टोकाला, याचा विचारही तेव्हा कुणी केला नाही.

वर्षाअखेरीस ही पुरवणी द गेम अवॉर्ड्सच्या वर्षातल्या सर्वोत्तम गेमच्या नामांकनांत आली. पुरवणीला हा मान द्यावा का, यावर नवा वाद झाला, आणि पुरस्कार ‘ॲस्ट्रो बॉट’ला गेला. तो मात्र अवघडपणाचा वाद न घालता खेळता येतो असा गेम. असो.

मावसभावाचं सांगायचं राहिलं. त्या शनिवारी त्यानं पाचही तुकडे खर्च केले, आणखी दोन चर्चं शोधली. बुधवारी पॅच आला, आणि गुरुवारी रेलाना पडली. सत्तेचाळिसाव्या प्रयत्नात, तेही मध्ये एकदा ती पाव आयुष्यावर असताना वीज गेली होती. त्यानं मला व्हिडिओ पाठवला, शेवटी नुसता हसण्याचा आवाज. पण शनिवारी रात्री केलेला खालचा अंगठा त्यानं आजवर बदललेला नाही. गणपतीत भेटलो तेव्हा मी विचारलं.

‘‘आवडला ना शेवटी?’’

‘‘आवडला की.’’

‘‘मग अंगठा?’’

‘‘तो त्या रात्रीचा आहे दादा, राहू दे तसाच,’’ तो म्हणाला, आणि रानडुकरावर बसलेल्या त्या गायसची पहिली धडक चुकवायची कशी, हे विचारू लागला.